आगोटीची शेवटची लॉरी

मे महिना सरत आला की आमच्या भोरच्या बाजारपेठेत अजूनही थोडी घाई दिसते. पूर्वीची आगोट मात्र आता राहिली नाही. पावसाचे चार महिने वाटा बंद होणार म्हणून मीठ, मिरची, सुकट, रॉकेल, काडेपेट्या असं सगळं आधीच घरात भरून ठेवायचं, त्या लगबगीला आम्ही आगोट म्हणायचो. आता कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान आहे. माझी सून म्हणते, मीठ संपलं की दुसरी पिशवी आणू, त्यात काय एवढं. तिचं बरोबरच आहे. तरीही मी बाजारातून येताना एक जादा पिशवी घेऊन येते आणि फळीवर मागच्या बाजूला ठेवते. सून बघते, हसते आणि पिशवी तिथेच राहू देते. शहाणी आहे.

या दिवसांत माझा स्वभाव बिघडतो हे मला ठाऊक आहे. एसटीत बसले आणि पावसाची सर आली, की लोक धडाधड खिडक्या ओढून घेतात. मग मी उठते आणि माझ्या बाजूची खिडकी चार बोटं उघडते. यावरून माझी भोर ते पुणे या वाटेवर किती जणांशी भांडणं झाली असतील! एकदा एक गृहस्थ म्हणाले, आजीबाई, तुम्हाला भिजायची हौस असेल, आम्हाला नाही. मी म्हटलं, भिजून कोणी मेलेलं मी पाहिलं नाही. त्यांनी खांद्यावरचा पंचा डोक्यावर घेऊन माझ्याकडे पाठ फिरवली. शाळेत उभा जन्म पोरांवर ओरडण्यात गेला, त्यामुळे माझं बोलणं जरा टोचतंच.

ही खोड मला लागली ती लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. लढाई लांब कुठेतरी चालली होती, पण तिची झळ आमच्यापर्यंत पोचली ती पेट्रोलच्या रूपाने. आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, पुण्याच्या एका मालवाहतूक कंपनीच्या लॉरीवर ड्रायव्हर होते. नाना पेठेत आणि भवानी पेठेत तेव्हा अशा कंपन्यांचे अड्डे होते. कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड, एक वजनकाटा, पाण्याचा रांजण आणि भिंतीवर देवाची तसबीर. पण दारावरच्या पाटीवर नाव असं भारदस्त रंगवलेलं असायचं, की वाचणाऱ्याला वाटावं मालक थेट विलायतेला माल धाडतात. प्रत्यक्षात माल जायचा सासवडला, शिरवळला, फार तर फार भोरला. आबांच्या मालकांना सगळे शेटजी म्हणत. शेटजी स्वतः कधी लॉरीत बसत नसत. त्यांना गाडी लागायची.

त्या लॉऱ्या मला अजून दिसतात. लांब नाक, लाकडी सांगाडा, त्यावर पेठेतल्या सुतारांनी काढलेली कमळं आणि मोर. समोरून हँडल मारल्याशिवाय चालू व्हायच्या नाहीत, आणि हँडल उलटं फिरलं तर माणसाचं मनगट मोडायचं. प्रत्येक लॉरीच्या भोंग्याचा आवाज वेगळा. आबांची लॉरी भोरच्या अलीकडे वळणावर आली की भोंगा वाजायचा आणि आई चुलीवर तवा टाकायची. भाकरी फुगेपर्यंत आबा दारात हजर. इतर लॉऱ्यांच्या भोंग्याला आईने तवा टाकलेला मी कधी पाहिला नाही.

मग पेट्रोल मिळेनासं झालं. शेटजींनी प्रत्येक लॉरीला कोळशाची भट्टी बसवून घेतली. ड्रायव्हरच्या खोलीच्या पाठीमागे, माल ठेवायच्या हौद्याला लागून एक उंच लोखंडी पिंप. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, आणि त्याचा जो वायू निघतो त्यावर इंजिन चालवायचं. पेट्रोल फक्त सुरुवातीला, घोटभर. कोळसा यायचा वेल्ह्याकडच्या रानातून. पासलीच्या वरच्या अंगाला माणसं भट्ट्या लावायची आणि विंझरला रस्त्याच्या कडेला कोळशाच्या पोत्यांची थप्पी लागलेली असायची. जाताना मीठ आणि रॉकेल, येताना कोळसा आणि हिरडा, असा आबांचा फेरा. घरी येत ते नुसते डोळे आणि दात घेऊन. आई म्हणायची, ओळखू यावं म्हणून तरी जरा हसत या.

आबांना त्या भट्टीचा राग होता. भट्टीवर गाडीला ताकद नसे. चढावर ती दमेकऱ्यासारखी चाले, माणसांना उतरून पायी जावं लागे. पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. गाडी चालत असली की इंजिन वायू ओढून घेतं. गाडी उभी राहिली आणि भट्टी पेटती असली, तर तो वायू फटीफटीतून बाहेर यायला लागतो. धूर दिसतो, डोळ्यांत जातो, माणूस पळतो. हा वायू दिसत नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते, आणि ती झोप फार गोड लागते. कुठल्याशा लॉरीचा एक माणूस थंडीचा म्हणून बंद शेडमध्ये भट्टीला टेकून झोपला आणि उठलाच नाही, असं ड्रायव्हर लोक एकमेकांना सांगत. आबांनी हे मला आणि ताईला समोर बसवून सांगितलं होतं. तेव्हा मला ते भुताच्या गोष्टीसारखं वाटलं होतं.

माझी थोरली बहीण, अनसूया, म्हणजे ताई. ती हिर्डोशीला दिली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळ मान धरू लागलं तरी अजून आमच्याकडेच होती. आता पाऊस तोंडावर आला होता. ओढ्यांना पाणी आलं की हिर्डोशीची वाट तुटायची. सासरी लावणीला हात हवे होते, आणि तिच्या सासूने निरोपावर निरोप धाडले होते. त्यातच हिर्डोशीकडच्या मिठाचा घोळ झाला होता. लढाईमुळे रेल्वेच्या मालवाहू वाघिणी मिळेनात, पुण्यातच मीठ उशिरा आलं, आणि त्या खोऱ्यातल्या घरांमधून गाडगी रिकामी होऊन बसली होती. पावसाळ्यात मिठाशिवाय नाचणीची भाकरी कशी गिळायची ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. अखेर मिठाच्या गोणी भरून आबांची लॉरी निघाली. आगोटीची ती शेवटची लॉरी होती. तीतच ताई, तिचं बाळ आणि सोबतीला मी, असं ठरलं. मीठ कोरडं पोचवायचं होतं आणि बाळ धड पोचवायचं होतं, आणि दोन्ही एकाच हौद्यात बसली होती.

मीठ गावाच्या हवाली करायला हिर्डोशीचे तात्या पाटील स्वतः भोरला आले होते. उंच, वाळलेले, मोजकं बोलणारे. ताईचे ते चुलत सासरे. आबांनी सरळ सांगितलं, की लेकुरवाळी पोरगी पुढे माझ्याशेजारी बसेल, पाटलांनी मागे बसावं. पाटील काही बोलायच्या आत ताईच डोक्यावरचा पदर ओढून मागे सरली.

"मामंजी मागं आन म्या म्होरं? आबा, असं करू नगा. मला तिथं नांदायचं हाय."

आबांनी हौद्याचा मागचा पडदा वर गुंडाळून बांधला. मग म्हणाले, "बरं. पर मागचा पडदा उघडा ऱ्हाईल. यमुने, तुझं ध्यान असू दे. डोस्कं जड झालं की हाक मारायची. झोपायचं न्हाई."

यमुना म्हणजे मी. वय असेल तेरा-चौदा. मी मान हलवली, आणि गोणींवर गोधडी टाकून आम्ही बसलो. आबांचा क्लीनर सखोबा, वरच्या धनगरवाड्यातला चांगला बाप्या माणूस, त्याने हँडल मारलं आणि लॉरी हलली.

त्या प्रवासाची सुरुवात सुंदर होती हे कबूल केलं पाहिजे. उघड्या पडद्यातून मागे पळणारा तांबडा रस्ता, वाफे भाजून काळी झालेली खाचरं, करवंदीच्या जाळ्या, मधूनच नीरेचं आटलेलं पात्र. बाळ जागं होतं आणि ताडपत्रीच्या कमानीकडे बघून हातपाय मारत होतं. ताईने बाजारातून सासूसाठी नवा विळा घेतला होता, तो गोणपाटात गुंडाळून पायाशी ठेवला होता. ती सासरच्या गोष्टी सांगत होती. सासू कशी मीठ चिमटीने मोजते, कसं गाडग्याला स्वतःच्या उशाशी ठेवते. आम्ही दोघी खूप हसलो. त्या सासूला मी तोवर पाहिलं नव्हतं, पण मनात तिचं एक खाष्ट चित्र तयार झालं होतं.

आता त्या रस्त्यावरून एसटी जाते. वाटेत पूल आहेत, आणि पुलाखालून जाणारा ओढा एसटीतल्या माणसाला दिसतही नाही. तेव्हा पूल नव्हते. लॉरी ओढ्यात उतरायची आणि पलीकडे चढायची. हिर्डोशीच्या अलीकडचा ओढा आला तेव्हा वर डोंगरात ढग काळे झाले होते आणि ओढ्याला गढूळ पाणी वाहू लागलं होतं. वर कुठेतरी वळीव कोसळला होता. आबांनी लॉरी काठावर उभी केली आणि पाणी किती आहे बघायला ते एकटेच खाली उतरून गेले. इंजिन बंद झालं. भट्टी मात्र पेटतीच ठेवली, कारण ती विझवली की पुन्हा पेटवून तापवायला अर्धा-पाऊण तास गेला असता आणि तेवढ्यात ओढा चढला असता.

एरवी गाडी उभी राहिली की सखोबा भट्टीचं वरचं झाकण उघडायचा, म्हणजे वायू वरच्या वर निघून जाई. त्या दिवशी त्याने झाकण उघडलं आणि त्याच क्षणी सर आली. टपोरी, आडवी, वाऱ्याबरोबर थेट उघड्या पडद्यातून आत. पडद्यालगतच्या गोणी बघता बघता काळ्या पडल्या. कोळसा भिजेल म्हणून सखोबाने झाकण लावलं. आणि पाटील खाली उतरून ओरडले, मीठ झाका, मीठ झाका. सखोबा धावत मागे आला. त्याने पडदा खाली ओढला, ताडपत्रीच्या कडा हौद्याखाली खेचल्या आणि चहूबाजूंनी दोर आवळून गाठी मारल्या. धनगराने पावसात मेंढरांवरचा निवारा आवळावा तशा. त्याच्या मनात वाईट काय असणार? त्या खोऱ्यात पावसात मिठाची गोण उघडी सोडणं म्हणजे लेकरू उघडं सोडण्यासारखंच होतं. गाठी मारून तो आणि पाटील आबांना हात द्यायला, ओढ्यात दगड टाकायला धावत खाली गेले.

आत अंधार झाला. वर पावसाचा असा आवाज, की ताई काही बोलली तर मला तिचे ओठ हललेले तेवढे कळत. ऊब होती. खरं सांगते, फार बरं वाटलं. भिजायचं नाही, मीठ भिजायचं नाही, बाळ कुशीत. मी गोणीला टेकले. थोड्या वेळाने कपाळाच्या आत कोणीतरी हळूहळू जातं ओढतंय असं वाटू लागलं. मला वाटलं, उन्हाने असेल. मग ताईची मान खाली झुकलेली दिसली.

मी तिला हलवलं. तिने डोळे उघडले, आणि पुढे जे बोलली ते मी तिच्या तोंडाला कान लावून ऐकलं. "मघापास्नं डोस्कं धरलंय." मी विचारलं, मग हाक का नाही मारलीस? ती म्हणाली, "मामंजी व्हते भाईर." एवढं बोलून तिने पुन्हा मान टाकली. सासऱ्यासमोर सुनेने मोठ्याने बोलायचं नाही, ही शिकवण तिच्या अंगात इतकी मुरलेली होती की गुदमरतानाही ती पदर सावरून गप्प बसली होती. मला आजही त्या शिकवणीचा संताप येतो. शाळेत मुलींना मी आधी मोठ्याने हाक मारायला शिकवायचे, धडा नंतर.

मी बाळाकडे पाहिलं. ते झोपलं होतं. गाल छान लाल दिसत होते. मी त्याच्या तळपायाला चिमटा काढला. ते हललं नाही. अजून जोरात काढला. काही नाही.

मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पडद्याशी गेले, गाठी बाहेरून होत्या. ताडपत्रीवर बुक्क्या मारल्या, पण तिच्यावर पाऊसच एवढ्या बुक्क्या मारत होता. मनात येत होतं, की जरा बसू, मग बघू. ते 'जरा बसू' मला अजून आठवतं. त्याच्याइतकं भीतीदायक काही मी नंतरच्या आयुष्यात अनुभवलं नाही. मी सरपटत मागे गेले, गोणपाट सोडलं आणि विळा काढला. कंपनीची ताडपत्री कापली तर आबांची नोकरी जाईल हे मला कळत होतं. मीठ जाईल हेही कळत होतं. मी विळा वर घुसवला आणि अंगाचा भार टाकून खाली ओढला.

पाऊस आत घुसला आणि त्याच्याबरोबर हवा. मी त्या फटीतून तोंड बाहेर काढून एवढा मोठा श्वास घेतला की छातीत कळ आली. मग मी किंचाळले. ओढ्यातून आबांनी वर पाहिलं. फाटलेली ताडपत्री आणि माझं डोकं, एवढं बघून त्यांना सगळं समजलं असावं. आबा धावले. त्यांना तसं धावताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. सखोबाने कोयत्याने दोर तोडले, आबांनी ताईला खांद्यावर घालून बाहेर आणलं आणि मी बाळ हातात दिलं. ताई भिजल्या मातीवर पडली, ओकली आणि कण्हायला लागली. तिच्या जिवाची काळजी मिटली.

बाळ आबांच्या तळहातांवर तसंच होतं. आबांनी त्याला उघडं केलं. पावसात धरलं. पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, पालथं घेतलं, पुन्हा फुंकर घातली. हौद्यात मिठावर पाऊस पडत होता, आणि फळ्यांच्या फटींतून पांढुरकं पाणी गळून चाकांजवळ साचत होतं. गावाचं चार महिन्यांचं मीठ. सखोबाला राहवेना. तो ताडपत्री ओढायला वळला, तशी पाटलांनी त्याच्या दंडाला धरलं.

"ऱ्हाऊ दे ते. हिकडं ये. वारा आडीव."

आणि त्यांनी स्वतःची घोंगडी काढून आबांच्या वर धरली. एक टोक त्यांनी, एक सखोबाने. मीठ उघडं राहिलं. आबा फुंकर घालत राहिले. ताई रांगत आली आणि पाटलांच्या पायाशीच बसली, डोक्यावरचा पदर कधीच गळून पडला होता. ती मोठ्याने म्हणाली, "मामंजी, माझं प्वार उठवा." पाटलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बाळ आधी शिंकलं. मग त्याच्या नाकातोंडातून दूध आलं, तोंड वेडंवाकडं झालं, आणि एक बारीक, चिरका आवाज आला. आबा मटकन खाली बसले आणि त्याच्यापेक्षा मोठ्याने रडले.

पुढचं सारं भराभर घडलं. पाऊस ओसरला, ओढा ओसरला, भट्टी धुमसतच होती. ताई पुढे बसली, आणि पाटील फाटक्या ताडपत्रीखाली मागे, ओल्या गोणींवर. हिर्डोशीत लॉरी शिरली तेव्हा सूर्य अजून डोंगराच्या वर होता. वेशीवर बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. गळणाऱ्या गोणी बघून त्या लॉरीभोवती जमल्या. पाटील खाली उतरले आणि कोणी विचारायच्या आत म्हणाले, "गाठी म्या मारायला लावल्या. पोरीला कुनी बोलायचं न्हाई." बायकांनी टोपल्या ठेवल्या आणि धावत जाऊन हंडे आणले, हौद्याखाली लावले. ते खारं पाणी त्यांनी घरोघर आटवलं. त्यातून जे मीठ निघालं त्यात कोळशाची भुकटी होती, ते करडं दिसायचं. त्या पावसाळ्यात हिर्डोशीने करडं मीठ खाल्लं, तेही पुरवून पुरवून. शेटजींनी आबांना फाडफाड बोलून घेतलं आणि ठेवून घेतलं. भट्टीची गाडी चालवायला दुसरं कोण तयार होतं? आबांनी मात्र त्यानंतर हौद्यात माणूस घेतला नाही, मग तो कोणीही असो.

मला आठवतं ते त्या संध्याकाळचं ताईचं दार. तिची सासू उंबऱ्यात उभी होती. मी मनात रंगवली होती तशीच, बारीक डोळ्यांची, घट्ट ओठांची. तिला सगळं आधीच कळलं होतं. ताई बाळाला घेऊन पायरीखाली थांबली. सासूने बाळाकडे पाहिलं, ताईच्या चिखलाने भरलेल्या केसांकडे पाहिलं आणि वळून आत गेली. मला वाटलं, आता बोलणार.

ती उशाजवळचं मिठाचं गाडगं घेऊन आली. त्याच्या बुडाशी गेल्या सालचं राहिलेलं कोरडं मीठ होतं, तेवढंच. तिने हात घालून मूठ भरली. चिमूट नाही, मूठ. दृष्ट काढतात तशी ती बाळावरून उतरवली, चुलीशी गेली आणि जाळात टाकली. मीठ तडतडलं. मग पुन्हा गाडग्यात हात घातला आणि ताईवरून उतरवली. तीही जाळात. ताई म्हणाली, आत्याबाई, नगा, पुरं, मीठ न्हाई गावात. सासूने ऐकलं नाही. तिने गाडगं तिरकं करून बुडाचं सगळं खरवडलं, ओंजळीत घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू बी हिकडं ये, पोरी," ती म्हणाली. "तुजी लई काढायची हाय."